किती, आणि कुठल्या बाजूला?

ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला माझ्या म्हाताऱ्या घरमालकांच्या घराची मागची खोली भाड्याने घ्यायची म्हणून मी बघायला गेले, तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही, की स्वयंपाकाला वास येतो का हेही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "पेन्सिल आहे जवळ?"

होती. मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत काम करते, माझ्या पर्समध्ये पेन्सिल असतेच. त्यांनी ती घेतली, टोक उजेडाकडे धरून बघितलं, नाक मुरडलं. मग खिशातून छोटा चाकू काढून चार-पाच हलके काप दिले आणि सुईसारखं टोक करून पेन्सिल परत केली.

"बोथट पेन्सिलीचा बिंदू जाड पडतो," ते म्हणाले. "आणि जाड बिंदू म्हणजे अर्धं खोटं."

एवढं बोलून त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. माझं नाव त्यांना नीट उच्चारता येईना. दोन-तीनदा प्रयत्न करून त्यांनी तो नाद सोडला आणि मला 'लायब्ररी' म्हणायला लागले. शेवटपर्यंत मी लायब्ररीच होते.

त्यांना जाऊन आता काही महिने झालेत. मी तेव्हापासून हे लिहायला बसते आणि उठते. मला पटपट लिहिता येत नाही. शिवाय त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणजे वाक्य जिथे पडायला हवं तिथे पडलं का, हे बघावं लागतं, आणि ते सहसा पडत नाही.

त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर आलेखाच्या कागदाचा एक ताव चुंबकांनी लावलेला असायचा. मधोमध एक फुली. फुलीच्या डावीकडे म्हणजे लवकर, उजवीकडे म्हणजे उशिरा. वर म्हणजे जास्त, खाली म्हणजे कमी. घरात जे काही ठरवून केलं जाई, त्याचा एक बिंदू त्या कागदावर पडे. अंडं जास्त उकडलं, बिंदू. कचऱ्याचा डबा एक दिवस आधीच रस्त्यावर नेऊन ठेवला, बिंदू. शेजारीण चहाला चारला येते म्हणाली आणि पावणेपाचला आली, तर तिच्यासमोरच, तिला बिस्किटं देता देता, बिंदू. महिना संपला की ताव उतरवून त्यावर महिन्याचं नाव घालायचे, नवीन लावायचे. जुने ताव कपाटात गठ्ठ्यांनी होते. त्यात त्यांच्या लग्नाचाही होता. त्यांनी तो मला दाखवला.

"हा. दोन मिलिमीटर, उजवीकडे. मी विचारायला सहा महिने उशीर केला. इतका जवळचा बिंदू पुन्हा कधी पडला नाही."

"आणि फुलीवर?"

"फुलीवर कुणाचाच पडत नाही, लायब्ररी. फुली फक्त मोजायला असते."

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना आमटी दिली होती. डोळ्यांतून पाणी काढत त्यांनी वाटी संपवली आणि फ्रिजपाशी गेले.

"सॉरी," मी म्हटलं. "तिखट जास्त झालं."

"सॉरीचं मी काय करू? सॉरीला दिशा नसते. किती, आणि कुठल्या बाजूला, ते सांग."

"वर. दहा मिलिमीटर?"

"अकरा," ते म्हणाले, आणि नाक पुसून बिंदू टाकला. पुढच्या आठवड्यात मी तिखट कमी केलं, तर खाली चार. तिसऱ्यांदा वर एक. तेव्हा मला कळलं, की या माणसाला आमटी आवडते आहे आणि तो ते अशा रीतीने सांगतो आहे.

ही सवय त्यांना त्यांच्या कामाने लावली होती. तरुणपणी ते दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात क्षेपणास्त्रांच्या चाचण्या होत त्या रेंजवर होते. आज ज्याला क्रूझ क्षेपणास्त्र म्हणतात त्याची ती अगदी सुरुवातीची, प्रयोगातली रूपं. "पणजोबा," असं ते म्हणत. आखूड पंखांचं, वैमानिक नसलेलं एक छोटं विमान. त्याच्या पोटात जायरो नावाचा एक भोवरा गरगरत असे, तो त्याला दिशा धरून ठेवी. आणि अंतर मोजायला नाकावर एक चिमुकला पंखा; त्याचे ठरलेले फेरे पूर्ण झाले, की विमान नाक खाली करून कोसळे. जायरो हळूहळू भरकटे, वारा ढकले, आणि पडायचं तिथे ते कधी पडत नसे. पडलं, की आमचे घरमालक जीपमध्ये मोजणीची अवजारं टाकून निघत, तास न् तास लाल मातीत खड्डा शोधत, त्याची जागा मोजत आणि परत येऊन नकाशावर एक बिंदू टाकत. त्यांचं काम एवढंच, बिंदू टाकायचं. त्या बिंदूंवरून पुढच्या उड्डाणाची दुरुस्ती ठरे.

"नेम धरणारे लोक वेगळे होते," ते म्हणत. "मी नेम कुठे चुकला ते सांगणारा."

आपण काय बनवत होतो, हे ते विसरले नव्हते. एकदा दुपारी चहा पिताना मी विचारलं, की जिथे हे पडायचं तिथे काय होतं? त्यांनी कप खाली ठेवला.

"नकाशावर लिहिलेलं होतं, रिकामी जागा. एकदा खड्डा शोधत गेलो, तर वाटेत विझलेली शेकोटी. हात लावला, राख कोमट होती. भोवती पावलं. एक पाऊल एवढंसं, लहान मुलाचं." त्यांनी बोटांनी माप दाखवलं. "मी परत येऊन सांगितलं, की जागा रिकामी नाही. ते म्हणाले, तुझं काम खड्ड्याचं. त्या दिवशी नेम दोन मैलांनी चुकला होता, लायब्ररी. कुठल्या बाजूला चुकला ते बघून मला बरं वाटलं. माझ्या नोकरीत असं वाटणं बसत नव्हतं."

कोविड आला तेव्हा सगळ्या जगाला दीड मीटर अंतर ठेवा म्हणून सांगितलं गेलं. जगाने ते अंदाजाने ठेवलं. आमच्या घरमालकांनी गराजमधून जुनी मोजणीची काठी काढली, दीड मीटरवर करवतीने कापली, लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवली आणि ती आडवी धरून दुकानात जाऊ लागले. रांगेत पुढच्याच्या पाठीला काठीचं टोक लागलं, की मागे सरकत. मागचा जवळ आला, की वळून तीच काठी त्याच्याकडे. एकदा एका धिप्पाड माणसाने वैतागून विचारलं, "व्हॉट्स दॅट फॉर, मेट?"

"तू एकशे वीसवर आहेस," ते अत्यंत अदबीने म्हणाले. "तीस कमी."

त्या माणसाने मागे सरकून जागा दिली. वर हसलाही. माझी मान मात्र शरमेने खाली. घरी आल्यावर ते म्हणाले, "तू माझ्याबरोबर आली नाहीस असं दाखवत होतीस. ते साधारण चार मीटरवरून. नोंद केली आहे."

लायब्ररी बंद होती. मी मागच्या खोलीतून ऑनलाइन काम करायची. सिडनीतल्या पेंडल हिलच्या माझ्या मैत्रिणी फोनवर म्हणत, "अगं, त्या म्हाताऱ्याबरोबर अडकलीस! वेड लागेल तुला." मला उलट वाटायचं. सगळ्या जगाचा अंदाज सुटलेला असताना मी अशा घरात होते, जिथे एक माणूस रोज सकाळी पेन्सिलीला टोक करत होता.

मग दुसरी लाट आली. इथे नाही, तिकडे. वॉलॉंगॉंगला तेव्हा लोक समुद्रावर पोहत होते. कराडला माझ्या बाबांना ताप आला.

माझा धाकटा भाऊ त्यांच्यापाशी होता. त्याने फोन केला तेव्हा त्याच्याकडे दुपार होती आणि माझ्याकडे ऊन उतरलेलं.

"ताई, ऑक्सिजन ब्याण्णव दाखवतंय. मघाशी पंच्याण्णव होतं. अ‍ॅडमिट करू का? एका ठिकाणी बेड मिळेल असं म्हणतायत, पण आत्ताच्या आत्ता न्यायला पाहिजे."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"फोनवर म्हणाले, घरीच ठेवा, पालथं झोपवा. बाबा पण नको म्हणतायत. तू एवढं वाचतेस, तू सांग ना."

मी खरंच खूप वाचलं होतं. मी म्हटलं, "उद्या सकाळपर्यंत थांब. तिथे नेऊन उलट जास्त लागण व्हायची."

सकाळी ऑक्सिजन ऐंशीच्या खाली गेला. आदल्या दिवशीचा बेड गेलेला होता. दुसरा मिळायला संध्याकाळ झाली. चौथ्या दिवशी बाबा गेले. सीमा बंद होत्या. मी गेले असते तरी परत येता आलं नसतं, आणि जायला परवानगी मिळेपर्यंत जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. भावाने फोन हातात धरला आणि मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून, पाच इंचांच्या काचेत, ते सगळं पाहिलं.

त्यानंतर मी कुणाशी बोलेना. भावाचे फोन घेईना. तो काही म्हणत नव्हता, आणि तेच मला सहन होत नव्हतं. मैत्रिणी म्हणाल्या, "तुझा काय दोष?" त्यांना मी ते थांब म्हटल्याचं सांगितलंच नव्हतं. सांगितलं होतं ते फक्त घरमालकांना, कारण ते त्या वेळी समोर किटली धरून उभे होते.

दहा-बारा दिवसांनी त्यांनी दार वाजवलं. सांत्वन केलं नाही. खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "बिंदू टाकलास?"

माझ्या अंगाचा भडका उडाला. "माझे बाबा गेलेत. ते तुमचं विमान नव्हतं."

ते उठले, खुर्ची होती तिथे ठेवली आणि गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. या वेळी खुर्चीवर बसले नाहीत, उंबऱ्यातच उभे राहिले.

"तुला एक सांगायचं राहिलंय," म्हणाले. "आमच्या एका उड्डाणाला वाऱ्याची दुरुस्ती मी काढली होती. हिशोब बरोबर होता. फक्त चिन्ह चुकलं. अधिकच्या जागी उणे. वारा डावीकडे ढकलत होता आणि मी पण डावीकडेच ढकललं. ते जाऊन पडलं कॅमेऱ्याच्या चौकीशेजारी. चौकीत माझा मित्र होता. त्याचा एक कान कायमचा गेला."

मी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. ते बसले नाहीत.

"दुसऱ्या दिवशी खड्डा मोजतानाच मला कळलं, की चूक माझी. इतकं नेमकं दुप्पट अंतर जायरो चुकवत नाही. पण मी गप्प बसलो. तीन महिने त्यांनी जायरो खोलून खोलून पाहिले. तीन महिने मी जेवलो नाही, झोपलो नाही, आणि मित्राला भेटायला गेलो नाही. शेवटी सांगितलं. आमचा साहेब म्हणाला, पोरा, चुकलास त्याचं मला काही नाही, तीन महिने खोट्या जागी शोधायला लावलंस त्याचं आहे. मग मी मित्राकडे गेलो." इथे ते थोडे हसले. "त्याने मला त्याच्या बहिऱ्या बाजूला बसवलं. म्हणाला, तू कायम इकडेच बसायचं, म्हणजे तुझं मला ऐकावं लागणार नाही. पुढे चाळीस वर्षं मी तिथेच बसलो."

मी उठून फ्रिजपाशी गेले. उजवीकडे, कागदाच्या अगदी काठाला बिंदू टाकायला पेन्सिल नेली, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"असा नाही. तू शिक्षा करते आहेस. मोजून टाक."

मग तीन दिवस आम्ही मोजलं. त्यांनी माझ्याकडून तासातासाचं लिहून घेतलं. भावाचा फोन कधी आला, आकडा किती होता, डॉक्टरांचं वाक्य नेमकं काय होतं. काय मला तेव्हा ठाऊक होतं आणि काय नंतर कळलं, याच्या दोन वेगळ्या रकान्यांवर ते अडून बसले. मी एकही गोष्ट चुकीच्या रकान्यात घातली, की टेबलावर बोट वाजवत. शेवटी म्हणाले, "ते बोटाला लावायचं यंत्र. ते किती खरं बोलतं?"

मला माहीत नव्हतं. भावाला फोन करावा लागला. मग कळलं, त्यांना तेच हवं होतं. दोन आठवड्यांनंतरचा तो आमचा पहिला फोन.

"यंत्र?" भाऊ म्हणाला. "अगं ताई, त्याचं काय सांगू. एका बोटाला ब्याण्णव, दुसऱ्याला शहाण्णव. बाबाच चिडवायचे, म्हणायचे, कुठल्या बोटाला आजार झालाय ते आधी ठरवा." मग म्हणाला, "ताई, बेडचं मला पण माहीत होतं ना गं. मी पण थांबलोच की."

आम्ही दोघं रडलो. घरमालक बाजूला बसून खिडकीबाहेर बघत होते. मराठी त्यांना येत नव्हतं, पण आकडे कळले असावेत.

फोन ठेवल्यावर त्यांनी कंपास घेतला आणि फुलीभोवती एक वर्तुळ काढलं.

"आमच्या वेळी यंत्रच दोन मैलांनी चुकायचं. त्या दोन मैलांचं आम्ही वर्तुळ काढायचो. बिंदू वर्तुळाबाहेर पडला, तर माणसाला बोलवायचं. आत पडला, तर माणसाला घरी जाऊ द्यायचं. त्या दिवशी, त्या यंत्राने, याहून जवळचा नेम कुणालाच साधला नसता." त्यांनी पट्टी लावली, माझा बिंदू टाकला, वाकून बघितला.

"काठाजवळ आहे," ते म्हणाले. "पण आत."

दोष नाही, असं ते म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला नसता. काठाजवळ म्हणाले, म्हणून 'आत' हा शब्द मला घेता आला. त्या शब्दावर मी आजवर उभी आहे.

हिवाळ्यात डेल्टा सिडनीहून आमच्याकडेही आला. पुन्हा सगळं बंद. काळजी घेऊनही त्यांना खोकला झाला. एक दिवस सकाळी ते स्वयंपाकघरात टेबलाला धरून उभे होते आणि त्यांना वाक्य पुरं करता येत नव्हतं.

"अ‍ॅम्ब्युलन्स बोलावते," मी म्हटलं.

"उद्या बघू."

"उद्या नाही."

"लायब्ररी, ही छाती माझी आहे. मला... हॉस्पिटलात मरायचं नाही. इथे मरायचंय. बायको इथेच गेली."

"उद्या हा शब्द मला परत ऐकायचा नाही," मी म्हटलं, आणि त्यांच्यासमोर फोन लावला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला अजून आठवतं. रागाने नाही. काहीतरी मोजत असल्यासारखं.

नखशिखांत झाकलेली दोन माणसं आली. ती आत शिरताच यांनी काठी पुढे केली. "दीड मीटर!" मग दम लागून खाली बसले. जाताना चष्मा आणि पेन्सिल घेतली. चाकू मात्र न्यायचा नाही म्हणून त्या माणसांनी मला दिला.

नऊ दिवस ते तिथे होते. भेटायला बंदी होती. एक नर्स रोज दुपारी टॅबलेट धरायची. मास्कमुळे त्यांचं बोलणं कळत नसे. मी फ्रिजवरचे बिंदू सांगायची, ते बोटाने वर किंवा खाली दाखवायचे. दहाव्या दिवशी फोन नर्सचा नव्हता, डॉक्टरांचा होता.

अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती, आणि आम्ही सातच होतो. त्यांचा मुलगा पर्थला अडकलेला. त्याने पडद्यावर पाहिलं. त्याचा चेहरा त्या चौकोनात बघताना मला कळत होतं त्याला काय होतंय. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "तू होतीस तिथे. थँक यू." त्याला ठाऊक नव्हतं, की वडिलांना घरातून मीच बाहेर काढलं होतं.

बाबांच्या वेळी मी थांबले. यांच्या वेळी थांबले नाही. घरी येऊन मी फ्रिजसमोर उभी राहिले. या खेपेला बिंदू डावीकडे, लवकर. पण किती लवकर, ते ठरेना. त्यांना त्यांच्या घरात मरायचं होतं, आणि ते अनोळखी छताखाली, प्लॅस्टिकच्या हातमोज्यात हात देऊन गेले. पट्टी हातात धरून मी कितीतरी वेळ उभी होते. मोजून देणारं कुणी नव्हतं.

आठवड्याने हॉस्पिटलातून पाकीट आलं. कागदपत्रांत जवळची व्यक्ती म्हणून त्यांनी माझं नाव दिलं होतं. स्पेलिंग सगळं चुकीचं होतं, पण पत्ता बरोबर. आत चष्मा होता, पेन्सिलीचा तुकडा होता आणि चार घड्या घातलेला एक कागद. पुढच्या बाजूला हॉस्पिटलच्या जेवणाची यादी. सूपवर टिक केलेली.

मागच्या बाजूला, थरथरत्या रेघांची एक फुली. वर लिहिलेलं: 'अ‍ॅम्ब्युलन्स. लायब्ररीने बोलावली.' बिंदू शोधायला मला कागद खिडकीशी न्यावा लागला, कारण तो फुलीच्या रेघेला जवळजवळ चिकटलेला होता. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात:

'अर्धा मिलिमीटर, डावीकडे. तोही कदाचित नसेल. पेन्सिल बोथट होती.'

मी पाकिटातली पेन्सिल काढून उजेडाकडे धरली. खरोखरच बोथट होती.